साठवलेले पॉइंट कोणत्या वर्षी मोडायचे? कोलोराडोच्या उंच डोंगरातल्या डियर हंटसाठी

मार्च उजाडला की शिकारीच्या लायसन्सच्या अर्जाविषयी मला हमखास दोन-तीन फोन येतात. "माझे सहा पॉइंट झालेत, यंदा टाकू का?" कुठलं युनिट (शिकारीसाठी आखलेला भाग), कुठला सीझन, सप्टेंबरात रजा मिळणार आहे का, असं विचारलं की पलीकडे शांतता. पॉइंट जमले म्हणून टाकून मोकळं व्हायचं, नाहीतर "अजून थोडे होऊ देत" म्हणत ठेवून द्यायचे, या दोन सवयींनी लोकांची वर्षं वाया जातात. माझीही गेली आहेत, ते पुढे सांगतो.

हे सगळं अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या म्यूल डियर या हरणापुरतं आहे. प्रत्येक राज्याची सोडत वेगळी असते, त्यामुळे इथलं गणित वायोमिंग किंवा युटाला लावू नका. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे. इथे राज्याचा वन्यजीव विभाग दर वर्षी किती लायसन्सं द्यायची ते ठरवतो, त्यांची सोडत काढतो, आणि या सोडतीत वर्षानुवर्षं नंबर न लागणाऱ्याला पुढच्या खेपेसाठी जे मिळतं त्याला प्रेफरन्स पॉइंट म्हणतात.

टप्पा 1 : सोडत नेमकी कशी चालते

म्हाडाच्या सोडतीची सवय असेल तर ती बाजूला ठेवा. तिथे चिठ्ठी निघते, इथे रांग लागते. ज्याचे पॉइंट जास्त तो पुढे. खाली येणारा एक अपवाद सोडला तर, समान पॉइंटवाल्यांत लायसन्सं कमी पडली तरच चिठ्ठीचा प्रश्न येतो.

अर्जात चार पसंती देता येतात. पॉइंटांची रांग फक्त पहिल्या पसंतीला लागते. पहिल्या पसंतीत नंबर लागला की तुमचे सगळे पॉइंट शून्य होतात. सगळे. लायसन्स तीन पॉइंटांत मिळण्यासारखं होतं आणि तुमच्याकडे अकरा होते, तरी अकराच्या अकरा जातात, सुट्टे परत मिळत नाहीत. पहिल्या पसंतीत नंबर लागला नाही तर एक पॉइंट वाढतो. दुसऱ्या ते चौथ्या पसंतीत लायसन्स मिळालं तर पॉइंट खर्च होत नाहीत, आणि ही सोय फारच कमी लोक वापरतात.

कोट्याचं म्हणाल तर 2024 पासून 75 टक्के लायसन्सं राज्यातल्या रहिवाशांना आणि 25 टक्के बाहेरच्यांना आहेत. रहिवाशांनाही सहा किंवा जास्त पॉइंट लागतात अशा मागणीच्या हंटांना हेच प्रमाण 80-20 होतं. फार मागणीच्या काही हंटांतली 20 टक्क्यांपर्यंत लायसन्सं किमान पाच पॉइंटवाल्यांत चिठ्ठीने जातात. म्हणून पाच पॉइंट ही एक पायरी आहे. चारवर असाल आणि मोठ्या हंटची आस असेल तर एक वर्ष थांबण्याला अर्थ आहे.

> इशारा : 2028 पासून डियरची सोडत बदलणार आहे. जवळजवळ सगळी लायसन्सं रांगेने वाटायची पद्धत जाते आणि नशिबाचा वाटा बराच वाढतो. रांगेसाठी लायसन्सं कमी उरली की आज "नक्की मिळेल" वाटणारा हंट तेव्हा नक्की राहणार नाही. तुमचे पॉइंट एखाद्या हंटला आजच पुरत असतील तर बदलाच्या अलीकडची वर्षं तुमच्या फायद्याची आहेत. दुसऱ्या पसंतीचे नियमही त्या वर्षीच्या पुस्तिकेत नव्याने वाचा.

टप्पा 2 : आधी वर्ष ठरवा, युनिट नंतर

बहुतेक जण इथेच उलटं करतात. आधी युनिटच्या प्रेमात पडतात, नंबर लागतो, आणि मग कॅलेंडर उघडतात.

उंचावरचा हंट म्हणजे सप्टेंबर. आपल्याकडे सप्टेंबर म्हणजे गणपती. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, 2027 मध्ये 4 सप्टेंबरला. धनुष्याचा सीझन जवळजवळ अख्खा महिना चालतो, पण त्यातले पहिले दहा दिवस सोन्याचे (का, ते पुढच्या टप्प्यात). म्हणजे 2026 मध्ये हंट करून घरी येऊन मूर्ती आणता येते, 2027 मध्ये नेमकी ओढाताण होणार. घरी दीड दिवसाचा गणपती आहे की दहा दिवसांचा, हा प्रश्न पॉइंटांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो एकट्याने सोडवायचा नसतो.

कागद घ्या, पुढची तीन वर्षं लिहा आणि प्रत्येकापुढे खरी उत्तरं भरा. सप्टेंबरात सलग नऊ-दहा दिवस रजा मिळेल का? जुलै-ऑगस्टमध्ये किमान एक शनिवार-रविवार डोंगर बघायला जाता येईल का? व्हिसा स्टॅम्पिंगसाठी किंवा आईवडिलांसाठी भारतवारी ठरलेली आहे का? सोबतीला कोण आहे? गुडघे काय म्हणतात?

शेवटचा प्रश्न विनोदाचा नाही. डेन्व्हर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे. ज्या बेसिनांत (शिखरांमधल्या वाटीसारख्या खोलगट जागांत) हरणांचे नर उन्हाळा काढतात ती झाडांच्या रेषेच्या वर, म्हणजे साधारण साडेअकरा-बारा हजार फुटांवर असतात. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक कळसूबाई चढवा, मग तुमचा तंबू येतो. चाळिशीत असाल तर "साठीला बारा पॉइंट होतील" या हिशेबात फारसा दम नाही. पॉइंट वर्षाला एक वाढतो, त्या वर्षात गुडघा किती झिजतो ते कुणी मोजत नाही.

एच-वन-बीवर असाल तर आणखी एक गोष्ट. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स हातात असेल तर त्याला अपवाद आहे. पण तो अपवाद तुमच्या बाबतीत कसा लागू होतो हे नंबर लागायच्या आधी वकिलाकडून समजून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. धनुष्य या कायद्यात येतच नाही, आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी त्याच कारणाने धनुष्य उचललं.

> तपासणी : तिन्ही वर्षांपुढे "बघू" लिहिलं असेल तर यंदा फक्त पॉइंट घ्या. टप्पा 6 मधला शेवटचा पर्याय तुमच्यासाठीच आहे.

टप्पा 3 : सीझन निवडा

नावात "उंच डोंगर" असलं तरी हरीण वर्षभर उंचावर नसतं. उन्हाळ्यात नर चार-सहाच्या टोळीने उघड्या बेसिनांत चरतात. शिंगांवर मखमल असते आणि ती दुखू नये म्हणून ते दाट झाडी टाळतात, त्यामुळे दुर्बिणीतून दिसतात. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मखमल गळते. त्यानंतर तोच नर झाडीत शिरतो आणि उजेडात बाहेर यायचं सोडतो. ऑगस्टमध्ये रोज दिसणारी पाच जणांची टोळी 15 सप्टेंबरला जमिनीने गिळल्यासारखी नाहीशी झालेली मी पाहिली आहे. हरणं तिथेच होती, सहाशे फूट खाली, फरच्या झाडीत.

म्हणून सीझनांकडे असं बघा:

- धनुष्य : जवळजवळ पूर्ण सप्टेंबर. सुरुवातीचे दिवस मखमलीतल्या नरांचे. पॉइंट तुलनेने कमी लागतात, कारण अंतर चाळीस-पन्नास यार्डांच्या आत आणावं लागतं आणि बहुतेकांना ते जमत नाही.
- उंचावरची लवकरची रायफल : सप्टेंबरच्या सुरुवातीला, मोजक्याच युनिटांत आणि त्यातल्याही वाइल्डरनेस (राखीव रान) भागापुरती. वेळ आणि शस्त्र दोन्ही सोयीचं, म्हणून मागणी मोठी आणि पॉइंटही जास्त.
- मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायची जुन्या पद्धतीची बंदूक) : सप्टेंबरच्या मध्यावर नऊ दिवस. बहुतेक नर तोवर झाडीत गेलेले. जागा आधी पाहून ठेवली नसेल तर हा सगळ्यात अवघड.
- दुसरी ते चौथी रायफल : ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पहिली रायफल फक्त एल्कसाठी (इथलं आणखी मोठं हरीण) असते. नोव्हेंबरात नर माद्यांमागे खाली उतरतात. तो उत्तम हंट आहे, पण उंचावरचा नाही.

शेवटच्या ओळीवर जरा थांबा. एका मित्राने उंचावरच्या बेसिनची स्वप्नं बघत चौथ्या सीझनचं लायसन्स घेतलं. तो वर गेला तेव्हा बेसिनमध्ये मांडीभर बर्फ होता आणि हरणं वीस मैल खाली, बहुतेक खासगी रँचवर.

माझं मत विचाराल तर चार-पाच पॉइंटवाल्याने धनुष्य शिकावं. दोन वर्षं सराव करून कमी पॉइंटांत दर तीन वर्षांनी वर जाता येतं. एकाच रायफल लायसन्सची दहा वर्षं वाट बघणारा माणूस शेवटी वर जातो तेव्हा त्याने तो डोंगर कधी पाहिलेलाच नसतो.

टप्पा 4 : आकडे वाचा, पण पुढचे

विभागाच्या संकेतस्थळावर दर वर्षीच्या सोडतीचा गोषवारा पीडीएफमध्ये मिळतो. प्रत्येक हंट कोडखाली (युनिट, सीझन आणि शस्त्र सांगणारा कोड) किती पॉइंटवाल्या किती जणांनी अर्ज केला आणि कितींना लायसन्स मिळालं, हे रहिवासी आणि बाहेरचे असं वेगळं दिलेलं असतं. लोक फक्त "कितीवर सुटलं" हा एक आकडा बघून पान बंद करतात. खरी माहिती त्या आकड्याच्या खालच्या ओळींत असते, कारण पुढच्या वर्षी तुमच्यापुढे कोण उभं असेल ते तिथे कळतं.

एक काल्पनिक उदाहरण हाताने करून बघू. एका हंटला 20 लायसन्सं, त्यातली 15 रहिवाशांना. जमीनमालकांचा वाटा सोपेपणासाठी सोडून देऊ. अर्जदार असे: 6 पॉइंटवाले 3, 5 वाले 5, 4 वाले 14, 3 वाले 22, 2 वाले 31.

यंदा 6 आणि 5 वाले आठही जण आत. उरली 7 लायसन्सं, 4 वाले 14. निम्म्यांना मिळालं, आणि अहवालात "4 वर सुटलं" असं दिसतं.

पुढच्या वर्षी उरलेले 7 जण 5 वर गेले, ते आत. उरली 8 लायसन्सं, आणि 4 वर आता आजचे 3 वाले 22 जण. तिघांत एकाला जेमतेम. अहवालात मात्र पुन्हा "4".

तिसऱ्या वर्षी उरलेले 14 जण 5 वर, ते आत. राहिलं 1 लायसन्स, दारात 31 जण. आकडा अजून "4" च.

चौथ्या वर्षी 30 जण 5 वर आणि लायसन्सं 15. आता अहवाल म्हणतो "5".

तीन वर्षं तोच आकडा छापून येत होता आणि आतून दार बंद होत होतं. त्यात नवे अर्जदार आणि दुसऱ्या युनिटचा नाद सोडून आलेले दहा-बारा पॉइंटवाले मी धरलेच नाहीत. यालाच इथले शिकारी पॉइंट क्रीप म्हणतात. आपल्या भाषेत, मुदत ठेवीवर व्याज शून्य आणि महागाई चालू.

याच उदाहरणात आज 3 पॉइंट असलेला माणूस अर्ज करत राहिला तर फार तर दोन वर्षांत त्याला लायसन्स मिळतं. 2 पॉइंटवाला चौथ्या वर्षीही नाणं उडवत बसलेला असतो. फरक एका पॉइंटचा.

> तपासणी : एकाच वर्षाचा अहवाल बघून ठरवू नका. किमान तीन वर्षांचे शेजारी ठेवा. हंट कोड दरम्यान बदलला नाही, दुसऱ्या युनिटशी जोडला गेला नाही, याची खात्री करा.

आता माझी चूक. सात पॉइंट होते. एक युनिट नकाशावर आवडलं, पहिल्या पसंतीला टाकलं, नंबर लागला, पेढे वाटले. जुलैत सहज जुने अहवाल उघडले तर तोच हंट तीन वर्षं 3 पॉइंटांवर सुटत होता. चार वर्षं मी कुणी मागितलेली नसताना देऊन आलो होतो. हंट चांगला झाला, पण त्या रात्रीचं जेवण काही गोड लागलं नाही.

टप्पा 5 : मार्चमध्ये दोन फोन करा

अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतो. लायसन्सांची संख्या राज्याचा वन्यजीव आयोग मे महिन्यात पक्की करतो. म्हणजे किती जागा आहेत हे कळायच्या आधीच तुम्ही रांगेत उभे असता. वरच्या उदाहरणात 20 ऐवजी 12 लायसन्सं निघाली तर रहिवाशांना 9, आणि 4 पॉइंटवाल्या 14 जणांसाठी फक्त एक.

हे पुस्तकी नाही. 2022-23 च्या हिवाळ्यात राज्याच्या वायव्य भागात, क्रेग आणि मीकरच्या पट्ट्यात, बर्फाने हरणं मोठ्या संख्येने मेली आणि लायसन्सं कापली गेली. मागच्या वर्षीचे आकडे धरून बसलेल्यांचे अंदाज कोसळले. ज्यांनी मार्चमध्ये स्थानिक कार्यालयात फोन करून "हिवाळा कसा गेला?" एवढंच विचारलं, त्यांना वारं कळलं होतं.

पहिला फोन त्या भागाच्या वन्यजीव कार्यालयाला करून हिवाळ्यातली मर आणि नर-मादी प्रमाणाचा कल विचारा. दुसरा फोन वनखात्याच्या रेंजर कार्यालयाला करून रस्ता कधी उघडतो, आगीमुळे कुठली वाट बंद आहे का, ते विचारा. "मोठा नर कुठे मिळेल?" असं विचारू नका. कुणी सांगत नाही, आणि पुढचे प्रश्नही मग तुटक उत्तरांत निघतात.

टप्पा 6 : निर्णय

आता वर्ष, सीझन आणि तीन वर्षांचे आकडे समोर आहेत. तुम्ही यापैकी एका ठिकाणी बसाल.

1. पॉइंट पुरेसे, वर्ष मोकळं. टाका. एक-दोन जास्त जात असतील तर जाऊ देत. तीन-चार जास्त जात असतील तर त्याच वर्षात बसणारा जरा वरचा हंट शोधा.
2. अगदी उंबरठ्यावर. तरीही टाका. नाही लागला तर एक पॉइंट वाढणारच आहे. अट एकच, लागला तर जायची तयारी हवी. "बघू लागतो का" म्हणून टाकणाऱ्यांचेच नंबर लागतात, हा माझा अनुभव आहे.
3. उंबरठा तुमच्याच वेगाने पुढे सरकतोय. पाच वर्षांत तुमचे पाच पॉइंट वाढले आणि हंटही चार-पाच पॉइंटांनी महागला, तर त्याचा नाद सोडा. दोन-तीन पॉइंटांत मिळणारा हंट घ्या आणि वर जायला लागा.
4. यंदा जमत नाही. पहिल्या पसंतीला फक्त पॉइंटचा कोड द्या: डी-पी-999-99-पी. दुसऱ्या पसंतीला शून्य पॉइंटांत मिळणारा एखादा जवळचा हंट टाका. पॉइंटही वाढतो आणि शनिवार-रविवारचा हंटही होतो.

टप्पा 7 : अर्ज भरताना

आधी त्या वर्षाचं पात्रता लायसन्स घ्या, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. 18 ते 64 वयाला हॅबिटॅट स्टॅम्प (वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं शुल्क) लागतो. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र हवं. रहिवासी म्हणून अर्ज करायला राज्यात सलग सहा महिने वास्तव्य लागतं. नुकतेच टेक्ससहून आला असाल तर दिवस मोजा.

हंट कोड बोट ठेवून वाचा: डियर, नर, तीन आकडी युनिट, सीझन, शस्त्र. सीझनमधला "ओ" हे अक्षर आहे, शून्य नाही. शेवटी "ए" म्हणजे धनुष्य, "एम" मझललोडर, "आर" रायफल. एका अक्षराने तुम्ही सप्टेंबरातून नोव्हेंबरात जाता.

> इशारा : गटाने अर्ज केलात तर गटातल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट सगळ्यांना लागतात, सरासरी काढत नाहीत. गटात एक जण राज्याबाहेरचा असला तर सगळा गट बाहेरच्या कोट्यात मोजला जातो. न्यू जर्सीच्या मेहुण्याला सोबत न्यायचं असेल तर न्या, पण तुमचे आठ आणि त्याचा एक, तर अर्ज एक पॉइंटचा आहे हे आधी घरात बोलून घ्या.

मुदत संपते रात्री आठला, माउंटन टाइमने. शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ रडतं. आदल्या आठवड्यात भरा.

टप्पा 8 : नंबर लागल्यावर

निकाल मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला येतो, पैसे जूनमध्ये भरायचे असतात. ती तारीख चुकली तर लायसन्सही जातं आणि पॉइंटही. कार्डची मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा.

जुलैत बर्फ उतरला की एकदा वर जाऊन या. पहाटे दुर्बीण लावा आणि दुपारच्या आत धारेवरून खाली या, कारण उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. वाइल्डरनेसमध्ये चाकाचं काहीच चालत नाही, सायकल नाही आणि मांस ओढायची गाडीही नाही. हाडं काढलेलं मांस तीस-चाळीस किलो भरतं आणि सप्टेंबरातलं ऊन त्याला वेळ देत नाही. पहिल्या फेरीनंतर दुसऱ्या फेरीसाठी पाय शिल्लक राहतील का, याचा अंदाज या जुलैच्या सहलीतच घ्या. पाठीवर वीस किलो तांदूळ बांधून चढलात तर उत्तर लगेच मिळतं.

उत्तर "नाही" आलं, किंवा रजा फिसकटली, तर अजून एक दार उघडं असतं. सीझन सुरू व्हायच्या किमान 30 दिवस आधी लायसन्स परत केलं तर पॉइंट पूर्ववत करून घेता येतात. त्याला शुल्क आणि अटी आहेत, त्या वर्षीची पुस्तिका बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीचा हंट असेल तर ही तारीख जुलैअखेर-ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत येते. निकाल लागला त्याच दिवशी ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि आठवडाभर आधीची आठवणही लावा.